टेड गिन ज्युनियरची कारकीर्द यशस्वी म्हणावी का?

पैलतीर

अमेरिकन फुटबॉलवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यातले बहुतेक क्वार्टरबॅकविषयी (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूविषयी) आणि विक्रमवीरांविषयी असते. ज्यांना एका संघात कधी मूळ धरता आले नाही, दर दोन-तीन वर्षांनी ज्यांनी बाडबिस्तरा आवरून नवे शहर गाठले आणि तरीही जे दशकभर एनएफएल या अमेरिकन व्यावसायिक लीगमध्ये टिकून राहिले, अशा खेळाडूंविषयी फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

माझ्या डोळ्यांसमोर आहे तो टेड गिन ज्युनियर. २००७ ते २०२० या १४ हंगामांत तो मायामी डॉल्फिन्स, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स, कॅरोलायना पँथर्स, ॲरिझोना कार्डिनल्स, न्यू ऑर्लीन्स सेंट्स आणि शिकागो बेअर्स अशा सहा संघांकडून खेळला, आणि कॅरोलायनाकडे तर दोनदा गेला. वाइड रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, म्हणून ४१२ झेल, ५,७४२ यार्ड आणि ३३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, नेणे) ही त्याची एकूण जमा आहे. हजार यार्डांचा हंगाम त्याला एकदाही साधला नाही. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, दोनदा खेळला आणि दोन्ही हरला.

२००७च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) त्याला ९व्या क्रमांकावर निवडले होते. एवढ्या वर निवडलेला खेळाडू पुढची दहा वर्षे संघाचा खांब व्हावा, अशी अपेक्षा असते, आणि त्या मापाने गिन अपयशी ठरतो. माझे मत असे आहे, की ते माप मायामीतल्या पहिल्या तीन वर्षांपुरतेच खरे आहे. त्यानंतरची अकरा वर्षे त्याने ज्या अटींवर मिळवली, त्या अटींवरच त्याला जोखले पाहिजे, आणि तसे जोखले तर ही कारकीर्द नुसती यशस्वी नव्हे, तर दुर्मीळ ठरते. जाणकारांनी आपापले मत मांडावे.

दक्षिणवारा

+१. विषय आवडला. सविस्तर प्रतिसाद रात्री देतो.

खडूफळा

पैलतीर, धाग्याबद्दल आभार, पण मी पूर्णपणे असहमत आहे.

त्या ड्राफ्टची यादी एकदा नीट पाहावी. ९व्या क्रमांकावर गिन. ११व्या क्रमांकावर पॅट्रिक विलिस, १२व्यावर मार्शॉन लिंच, १४व्यावर डॅरेल रेव्हिस. हे तिघेही त्यांच्या जागेवर आपल्या पिढीतले अव्वल खेळाडू ठरले आणि तिघेही मायामीला मिळू शकले असते. मायामीच्या चाहत्यांना क्वार्टरबॅक ब्रेडी क्विन हवा होता, त्यामुळे गिनचे नाव पुकारताच त्यांनी हुर्यो उडवली. प्रशिक्षक कॅम कॅमेरॉन त्यांना समजावत राहिले आणि लोक ऐकेनात. पहिल्याच हंगामात संघ १५ सामने हरला आणि एकच जिंकला. त्याचे खापर अर्थातच गिनवर फोडता येणार नाही, परंतु तीन वर्षांनंतर त्याच्या बदल्यात पाचव्या फेरीतली एक निवड मिळाली, म्हणजे बाजाराने त्याची किंमत किती केली ते उघड आहे.

दुसरे म्हणजे रिसीव्हरचे पहिले काम झेल घेणे हे आहे, आणि गिन ज्या कारणासाठी चाहत्यांच्या लक्षात राहिला ते कारण म्हणजे हातातून निसटलेले चेंडू. टिकून राहणे हा गुण मला मान्य आहे, पण टिकणे म्हणजे यश नव्हे.

मृण्मयी_ओहायो

मी गेली अनेक वर्षे क्लीव्हलंडच्या परिसरात राहते, त्यामुळे या नावाकडे माझे पाहणे थोडे वेगळे आहे. गिन शहराच्या पूर्व भागातल्या ग्लेनव्हिल हायस्कूलमधून आला. तिथले प्रशिक्षक त्याचे वडील, टेड गिन सीनियर. ओहायो स्टेट विद्यापीठाचा क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथ, ज्याला २००६चा हाइजमन पुरस्कार (सर्वोत्तम विद्यापीठ खेळाडूचा) मिळाला, तोही त्यांच्याच हाताखालून गेला. सीनियर गिन यांनी २००७ साली, म्हणजे मुलगा एनएफएलमध्ये गेला त्याच वर्षी, मुलांसाठी ‘गिन अकॅडमी’ ही सार्वजनिक शाळा सुरू केली. या भागात अजूनही ‘गिन’ म्हटले की लोकांना आधी वडील आठवतात.

या चर्चेसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की शाळेत असताना गिनची ख्याती रिसीव्हर म्हणून नव्हतीच. तो बचावातला कॉर्नरबॅक, म्हणजे रिसीव्हरना अडवणारा, होता आणि ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतला अव्वल धावपटू होता. रिसीव्हर तो विद्यापीठात गेल्यावर झाला. जो मुलगा अठराव्या वर्षानंतर झेल घ्यायचे तंत्र शिकायला लागतो, त्याच्याकडून लहानपणापासून तेच करत आलेल्या मुलांसारख्या हातांची अपेक्षा ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्याची नैसर्गिक देणगी पायांत होती आणि ओहायो स्टेटने ती ओळखली. जानेवारी २००७मधल्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यात फ्लोरिडाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याने मारलेली सुरुवातीचीच किक झेलून, ९३ यार्ड परत आणून त्याने टचडाउन केला. पाठोपाठ साथीदारांनी आनंदाने त्याच्या अंगावर उड्या घेतल्या, त्यात त्याचा पाय दुखावला आणि उरलेला सामना त्याला बाहेर बसून पाहावा लागला. ओहायो स्टेट ४१-१४ असे हरले. तो दिवस इकडचे लोक अजून विसरलेले नाहीत.

रानवारा

खडूफळा यांनी ‘टिकणे म्हणजे यश नव्हे’ असे लिहिले आहे, परंतु एनएफएलमध्ये टिकणे म्हणजे नेमके काय असते ते समजून घेतल्याशिवाय हा निवाडा करता येणार नाही.

उन्हाळी सराव शिबिरात प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टअखेर त्यांतले ५३ ठेवायचे आणि उरलेल्यांना घरी पाठवायचे. या ५३ जणांत वाइड रिसीव्हरना साधारण पाच-सहा जागा मिळतात. गिन खेळत होता त्या काळात बहुतेक वर्षे प्रत्यक्ष सामन्याच्या दिवशी ४६ जणांनाच गणवेश चढवता येत असे. पहिल्या तीन रिसीव्हरांना त्यांच्या झेलांवर जागा मिळते. चौथ्या आणि पाचव्याला मात्र किक आणि पंटच्या (आक्रमण अडले की चेंडू लाथेने दूर मारतात त्या) वेळी मैदानात उतरावेच लागते, नाहीतर प्रशिक्षक त्या जागेवर एखादा जास्तीचा बचावपटू घेतो. शिवाय बहुतेक करारांतली सगळी रक्कम हमीची नसते. कागदावर तीन वर्षांचा करार असला, तरी संघ एका वर्षाने हात झटकू शकतो.

हे गिनच्या बाबतीत शब्दशः घडले. २०१४ साली ॲरिझोनाने त्याच्याशी तीन वर्षांचा ९७.५ लाख डॉलरचा करार केला. त्याच वर्षी संघाने ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत जॉन ब्राउन नावाचा तितकाच चपळ पोरगा घेतला. ब्राउन स्वस्त होता, तरुण होता, आणि लांबचे पास त्याच्याकडे जाऊ लागले. गिनला त्या हंगामात फक्त १४ झेल मिळाले आणि फेब्रुवारी २०१५मध्ये त्याला मोकळे करण्यात आले. तीसच्या उंबरठ्यावरचा, वेगावर जगणारा रिसीव्हर अशा वेळी घरी बसतो, हा नेहमीचा क्रम आहे. गिन पुढे आणखी सहा हंगाम खेळला.

सांजवेळ

एक प्राथमिक शंका. या खेळाचे मला फारसे ज्ञान नाही, पण धागा आवडीने वाचते आहे. संघ बदलला म्हणून खेळाडूचे काम बदलते का? पळायचे आणि चेंडू पकडायचा, हे सगळीकडे सारखेच असणार ना?

दक्षिणवारा

सांजवेळताई, शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरातच अशा कारकिर्दीची खरी अवघड बाजू आहे.

रिसीव्हरने किती यार्ड सरळ पळायचे, कुठे वळायचे आणि कोणत्या क्षणी मागे पाहायचे, हे आधीच ठरलेले असते, कारण क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा रिसीव्हर बहुधा अजून वळलेलाही नसतो. ही धाव सांगण्याची भाषा मात्र संघागणिक वेगळी असते. डॉन कोरियल यांच्या परंपरेतले प्रशिक्षक आकडे वापरतात. त्यात ९ म्हणजे सरळ शेवटपर्यंत, ८ म्हणजे शेवटी आत, खांबांच्या दिशेने, ७ म्हणजे शेवटी बाहेर, कोपऱ्याकडे, आणि २ म्हणजे लगेच तिरके आत. क्वार्टरबॅकने तीन आकडे उच्चारले की तीन जणांना आपापले काम कळते. ‘वेस्ट कोस्ट’ परंपरेत आकड्यांऐवजी शब्द असतात आणि एकेका डावाचे नाव दहा-बारा शब्दांचे होते. सेंट्सचे तेव्हाचे प्रशिक्षक शॉन पेटन यांचे डाव अशा लांबलचक नावांसाठी प्रसिद्धच आहेत. तिसऱ्या एका परंपरेत संपूर्ण रचनेलाच एक नाव असते आणि त्या रचनेत आपण आज कुठे उभे आहोत, यावरून प्रत्येकाने आपली धाव ओळखायची असते.

यावर आणखी एक पदर असा, की समोरच्या बचावाची मांडणी पाहून काही धावा ऐनवेळी बदलायच्या असतात, आणि तो बदल रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक या दोघांनी एकाच क्षणी, एकमेकांशी न बोलता करायचा असतो. एका क्वार्टरबॅकबरोबर सहा-सात वर्षे काढलेल्या रिसीव्हरला हे अंगवळणी पडते. गिनने चॅड पेनिंग्टन, ॲलेक्स स्मिथ, कॉलिन कॅपर्निक, कार्सन पामर, कॅम न्यूटन आणि ड्रू ब्रीज अशा एकमेकांहून भिन्न हातांचे चेंडू झेलले. ब्रीजचा चेंडू अचूक आणि अलगद येई, तर न्यूटनचा गोळीसारखा. प्रत्येक नव्या शहरात एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत ही भाषा आणि हा हात नव्याने शिकायचा. जो शिकत नाही, तो कितीही वेगवान असला तरी ऑगस्टअखेरच्या कपातीत जातो.

सांजवेळ

सविस्तर उत्तरासाठी मनापासून आभार. एवढे सगळे असेल याची कल्पना नव्हती. आता शेवटपर्यंत वाचणार.

जर्सीवासी

किक परत आणण्याचा उल्लेख आला म्हणून १ नोव्हेंबर २००९च्या सामन्याची आठवण करून देतो. आमच्या न्यू जर्सीतल्या जुन्या जायंट्स स्टेडियमवर जेट्सविरुद्ध मायामी असा सामना होता. आदल्या आठवड्यात सेंट्सविरुद्ध गिनचा खेळ इतका खराब झाला होता, की सुरुवातीच्या अकरांतली त्याची जागा काढून घेतली गेली होती. किक परत आणण्याचे काम मात्र त्याच्याकडेच राहिले. तिसऱ्या पावात (सामन्याचे चार पाव असतात) त्याने एक किक १०० यार्ड परत आणली आणि त्याच पावात दुसरी १०१ यार्ड. एका सामन्यात शंभर किंवा अधिक यार्डांच्या दोन किक परत आणणारा तो एनएफएलमधला पहिला खेळाडू ठरला. मायामी ३०-२५ ने जिंकले.

मला यात त्याची पुढची सगळी कारकीर्द दिसते. रिसीव्हर म्हणून जागा गेली की दुसऱ्या दाराने संघात परत यायचे, हे तो त्या दिवशी शिकला. २०११च्या पहिल्याच सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोकडून त्याने सिएटलविरुद्ध १०२ यार्डांची किक आणि ५५ यार्डांचा पंट, असे दोन टचडाउन अवघ्या ५९ सेकंदांच्या खेळात केले. जिम हारबॉ यांचा एनएफएलमधला मुख्य प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना होता आणि तो गिनने या दोन धावांनी संपवला.

रानवारा

जर्सीवासी, उत्तम आठवण. त्याच हंगामाचा उत्तरार्धही लिहायला हवा. जानेवारी २०१२मध्ये जायंट्सविरुद्ध एनएफसीचा (लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) अंतिम सामना होता आणि गिन गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. पंट झेलायला त्याच्या जागी काइल विल्यम्स उभा राहिला. एक पंट त्याच्या गुडघ्याला चाटून गेला आणि चेंडू जायंट्सना मिळाला, आणि जादा वेळेत दुसरा पंट परत आणताना त्याच्या हातून चेंडू सुटला. जायंट्स २०-१७ ने जिंकून सुपर बोलला गेले. विल्यम्सला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. ज्या कामाकडे चाहते जाहिरातीच्या वेळेत चहा आणायला उठतात, ते काम बिनचूक करणारा माणूस संघात नसला तर अख्खा हंगाम वाया जाऊ शकतो, एवढेच दाखवायचे आहे. गिन मोठमोठ्या आकड्यांचा मानकरी नव्हता, पण त्या रात्री त्याची किंमत त्याच्या गैरहजेरीतून कळली.

खडूफळा

किक परत आणणारा म्हणून तो उत्कृष्ट होता, याविषयी माझे दुमत नाही. परंतु धाग्यातला प्रश्न वाइड रिसीव्हरचा आहे. २०१५मध्ये कॅरोलायनाकडून त्याने १० टचडाउन केले हे खरे, पण त्याच्याकडे फेकलेल्या चेंडूंपैकी निम्म्याहून कमी त्याच्या हाती लागले. इंडियानापोलिसविरुद्धच्या सामन्यात जादा वेळेत, आसपास कोणी नसताना, सामना जिंकून देणारा चेंडू त्याच्या हातातून गळाला. पहिल्या क्रमांकाच्या रिसीव्हरकडून हे होऊ नये.

शार्लटचा_वाटसरू

त्या इंडियानापोलिसच्या सामन्याला मी शार्लटमध्ये, कॅरोलायनाच्या स्टेडियममध्ये होतो. सोमवारची रात्र, पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, चेंडू साबणासारखा झाला होता. गिनच्या हातून तो झेल गेला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी डोक्यावरची टोपी काढून पायाखाली घातली. पुढे ल्यूक कीकलीने चेंडू हिसकावला, ग्रॅम गॅनोने ५२ यार्डांवरून गोल केला आणि आम्ही २९-२६ ने जिंकलो. टोपी पुन्हा डोक्यावर चढली.

पण खडूफळा, ‘पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर’ ही भूमिका गिनने मागितली नव्हती. ऑगस्ट २०१५मध्ये सराव शिबिरात केल्विन बेंजामिनच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि संघाचा मुख्य रिसीव्हर हंगामभरासाठी गेला. ॲरिझोनाने सोडलेला, मार्चमध्ये परत आणलेला गिन त्या जागी उभा राहिला आणि संघाने १६पैकी १५ सामने जिंकले. त्याचे ४४ झेल आणि ७३९ यार्ड दिसतात, पण त्याच्यामुळे काय झाले ते आकडेवारीत दिसत नाही. तो बाहेरून सरळ पळत सुटला की मागचा सेफ्टी (सर्वांत मागे राहणारा बचावपटू) त्याच्याबरोबर मागे खेचला जाई, आणि मधल्या मोकळ्या जागेत टाइट एंड (अडवणारा आणि झेल घेणाराही) ग्रेग ओल्सन उभा असे. ओल्सनने त्या हंगामात १,१०४ यार्ड केले. स्टेडियममध्ये वरच्या मजल्यावरून हे फार स्पष्ट दिसते. टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे असतो, त्यामुळे गिन चौकटीबाहेर राहतो.

सरळ शेवटपर्यंत पळणाऱ्याकडे चेंडू पन्नास-पन्नास यार्ड हवेतून, खांद्यावरून येतो. बचावपटू अंगाला चिकटलेला असतो. अशा चेंडूंतले निम्मेही हाती न लागणे हे त्या कामाचे स्वरूपच आहे. हाच गिन २०१७मध्ये सेंट्सकडे गेला, तिथे त्याला जवळचे आणि मधले चेंडूही मिळू लागले आणि त्याच्याकडे आलेल्या चेंडूंपैकी जवळपास तीनचतुर्थांश त्याने झेलले. हात तेच होते.

पैलतीर

वाटसरू, शेवटचा मुद्दा फार मोलाचा. त्याला एक जोड देतो. २००८मध्ये, वयाच्या २३व्या वर्षी, मायामीकडून गिनने ७९० यार्ड केले. २०१७मध्ये, वयाच्या ३२व्या वर्षी, सेंट्सकडून ७८७. मध्ये नऊ वर्षे, पाच वेळा संघबदल, गुडघ्याच्या दुखापती, आणि फरक तीन यार्डांचा. ज्याची सगळी पुंजी वेगात आहे अशा माणसाने हे करावे, याचा अर्थ त्याने दरम्यानच्या काळात दुसरे काहीतरी कमावले. मायामीतला गिन फक्त पळत होता. न्यू ऑर्लीन्समधला गिन कधी वेग आवरायचा, कुठे बचावाच्या दोन थरांमधल्या मोकळ्या जागेत थांबायचे, हेही जाणत होता.

अनुजा_प

थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच. मायामीने गिनला दिले ते ब्रँडन मार्शल आल्यामुळे. एप्रिल २०१०मध्ये डेन्व्हरकडून मार्शलला घेतले आणि त्याच आठवड्यात गिनला सॅन फ्रान्सिस्कोकडे पाठवले. आणि हा मार्शलही पुढे संघ बदलतच राहिला. डेन्व्हर, मायामी, शिकागो आणि जेट्स अशा चार संघांकडून त्याने हजार यार्डांचे हंगाम केले, कारकिर्दीत ९७० झेल घेतले आणि बाद फेरीचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. ब्रँडिन कुक्सनेही चार संघांकडून हजार यार्ड केले आहेत. त्याला तर संघांनी पुनःपुन्हा अदलाबदलीत दिले आणि पहिल्या तीन वेळा घेणाऱ्याने भरभक्कम मोबदला मोजला.

म्हणजे संघ बदलणारे सगळे एकाच मापाचे नसतात. मार्शल आणि कुक्सना संघ हवे म्हणून घेत होते. गिनला बहुतेक वेळा संघाच्या एका ठरावीक गरजेपुरते घेतले गेले. म्हणूनच त्याची चिकाटी मला अधिक मोठी वाटते.

तिसरी_घंटा

आपल्याकडे आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला, त्यात आपली पुणे वॉरियर्सही होती. ही तुलना चालेल का?

रानवारा

तिसरी_घंटा, संघांच्या संख्येपुरती चालेल, त्यापुढे नाही. आयपीएल दोन महिन्यांची असते आणि फिंचचे घर, देश आणि कर्णधारपद ऑस्ट्रेलियात शाबूत होते. एनएफएलच्या खेळाडूला दुसरा संघ नाही. तेच त्याचे वर्ष, तीच त्याची मिळकत आणि मुलांची शाळाही त्याच्याबरोबर हलते. गिनला मोकळे केले त्या फेब्रुवारीत त्याच्यापुढे कोणतीही राष्ट्रीय टोपी वाट पाहत नव्हती.

शार्लटचा_वाटसरू

ज्या एका खेळीसाठी मी या माणसाला कधी विसरणार नाही, ती अजून कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो.

२४ जानेवारी २०१६, एनएफसीचा अंतिम सामना, आमच्या शार्लटमध्ये. समोर ॲरिझोना, म्हणजे ज्या संघाने वर्षभरापूर्वी गिनला काढले तोच. पहिल्याच पावात गिनने पंट ३२ यार्ड परत आणला आणि थोड्याच वेळात चेंडू घेऊन उलट्या बाजूने वळसा घालत २२ यार्डांचा टचडाउन केला. पण मी म्हणतो ती खेळी मध्यंतराच्या अगदी आधीची. न्यूटनने एंड झोनच्या तोंडाशी फेकलेला चेंडू पॅट्रिक पीटरसनने हिसकावला आणि तो कडेने सुटला. पीटरसन लीगमधल्या सर्वांत वेगवान बचावपटूंपैकी एक, स्वतः पंट परत आणण्यात पटाईत. पुढे मैदान मोकळे. गिन मैदानाच्या दुसऱ्या टोकापासून निघाला, तिरका कापत गेला, सत्तरेक यार्ड पळाला आणि त्याने पीटरसनला गाठून पाडले. दुसऱ्याच क्षणांत ॲरिझोनाच्या कार्सन पामरचा चेंडू कर्ट कोलमनने हिसकावला आणि त्या सगळ्या धावपळीतून ॲरिझोनाला एकही गुण मिळाला नाही. सामना ४९-१५ असा सुटला, त्यामुळे आज कोणी म्हणेल की तो टचडाउन झाला असता तरी काय बिघडले असते. तेव्हा मध्यंतर झाले नव्हते आणि निकाल कोणालाच माहीत नव्हता.

मृण्मयीताईंनी लिहिले आहे की शाळेत तो बचावपटू होता. हे वाचून त्या धावेचा मला नव्याने अर्थ लागला. पळणाऱ्याला पकडताना कोणता कोन धरायचा हे त्याच्या पायांना माहीत होते. नेमक्या अशाच कामासाठी कोणी करार करत नाही, आणि झेलांच्या तक्त्यात त्यासाठी रकानाही नाही.

मृण्मयी_ओहायो

वाटसरू, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. वडिलांच्या ग्लेनव्हिलच्या संघात एकाच खेळाडूने आक्रमण, बचाव आणि किक असे सगळे करायचे, हा शिरस्ता होता. तिथले शिकलेले तिथे उपयोगी पडले असणार.

खडूफळा

वाटसरू यांचे वर्णन सुरेख आहे आणि ती धाव मीही पुन्हा पाहिली. तरीही माझा मूळ मुद्दा मागे घेत नाही. पैलतीर म्हणतात तसे दोन भाग करू. मायामीसाठी ती निवड चुकीची होती, आणि ९व्या क्रमांकाच्या निवडीचा हिशोब मायामीनेच मांडायचा आहे. पुढच्या अकरा वर्षांत त्याने कॅरोलायना आणि न्यू ऑर्लीन्सला दिलेले मोल त्या हिशोबात जमा होत नाही. माझी हरकत एवढीच आहे, की कारकीर्द यशस्वी म्हणताना संघाच्या नुकसानीकडे डोळेझाक होऊ नये.

आणि मोठ्या सामन्यांचे काय? फेब्रुवारी २०१३ आणि फेब्रुवारी २०१६, दोन्ही सुपर बोलमध्ये पराभव.

दक्षिणवारा

खडूफळा, तुमची विभागणी मला न्याय्य वाटते. निवड चुकीची असण्याचा दोष निवडणाऱ्याचा आहे, निवडल्या गेलेल्याचा नव्हे, एवढी त्यात भर घालतो.

मोठ्या सामन्यांबद्दल मात्र तपशील पाहू. बाल्टिमोरविरुद्धच्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को ३१-३४ असे मागे होते, ४ सेकंद उरले होते आणि बाल्टिमोरने सेफ्टीनंतरची (इथे सेफ्टी म्हणजे स्वतःच्याच एंड झोनमध्ये अडकून दोन गुण देणे) फ्री किक मारली. हंगामातला तो अखेरचा चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, तर गिनच्या. त्याने तो ३१ यार्ड आणला आणि वेळ संपली. नोव्हेंबर २०१३मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध ५९ सेकंद उरले असताना न्यूटनचा २५ यार्डांचा विजयी टचडाउन झेलणारा गिन होता आणि कॅरोलायना २४-२० ने जिंकले. जानेवारी २०१८मध्ये त्याच कॅरोलायनाविरुद्ध बाद फेरीत ब्रीजकडून ८० यार्डांचा टचडाउन, सेंट्स ३१-२६ ने विजयी. जानेवारी २०१९मधल्या रॅम्सविरुद्धच्या सामन्याची आठवण निघाली की लोक पंचांनी न दिलेल्या निर्णयाबद्दल बोलतात, परंतु त्याच्या थोडेच आधी ४३ यार्डांचा झेल घेऊन सेंट्सला रॅम्सच्या १३ यार्डांच्या रेषेपर्यंत कोणी नेले होते? गिनने. वय तेव्हा ३३.

तीन वेगवेगळ्या प्रशिक्षकांनी निर्णायक वेळी याच माणसावर विसंबावे, याला मी योगायोग मानत नाही.

पैलतीर

चर्चा अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगली झाली. खडूफळा, मायामीचा हिशोब वेगळा मांडायला हवा, हे तुमचे म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो. मूळ लेखनातही पहिली तीन वर्षे मी वेगळी काढली होती, ती त्याच कारणासाठी. मात्र ‘यशस्वी’ म्हणताना मी गिनच्या बाजूने पाहतो आहे, संघाच्या नव्हे. शिकागोने नोव्हेंबर २०२०मध्ये त्याला मोकळे केले आणि २०२१च्या उन्हाळ्यात त्याने निवृत्ती जाहीर केली, तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. २००७च्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांपैकी फार थोडे तोवर खेळत होते. विलिस २०१४च्या हंगामानंतर थांबला, रेव्हिस २०१७नंतर. ते दोघे गिनपेक्षा कितीतरी श्रेष्ठ खेळाडू होते, यात वादच नाही.

अनुजा_प यांनी केलेला भेद, म्हणजे संघाला हवा असलेला आणि संघाच्या गरजेपुरता घेतलेला, मला या धाग्यातला सर्वांत उपयोगी वाटला. दुसऱ्या प्रकारच्या खेळाडूला दर ऑगस्टमध्ये स्वतःची गरज पुन्हा सिद्ध करावी लागते, आणि गिनने ती सहा शहरांत केली.

खडूफळा

मान्य. गिनपुरते ‘यशस्वी’, मायामीपुरते ‘अयशस्वी’. यापुढे मी वाद घालणार नाही. मात्र तो सोमवारचा झेल त्याने घ्यायलाच हवा होता.

शार्लटचा_वाटसरू

त्याबद्दल आमच्या पुढच्या रांगेतले गृहस्थही तुमच्याच बाजूचे आहेत.